तिसऱ्या संघाची शिफारस

१२ फेब्रुवारी

धाकटे,

तू सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. फोनवर मी "हो, हो, बरं" एवढंच म्हणते आणि ठेवून दिल्यावर मला सगळं बोलायचं आठवतं, म्हणून लिहिते आहे. आमच्या चिंगीचे बाबा म्हणाले, "आजकाल पत्र कोण लिहितं?" मी म्हटलं, ज्याला मधेच कुणी तोडू नये असं वाटतं तो.

तू गेल्यावर दोन दिवसांनी आईची खोली आवरायला घेतली. शिवणाच्या मशीनवर चिंगीची क्रिकेटची पांढरी पँट तशीच होती. उंची वाढवायला घेतली होती. एका पायाची शिलाई उसवून, दुमड सोडून, पुन्हा शिवून झाली आहे, दुसरा पाय तसाच. चिंगी म्हणाली, मी अशीच घालते, पॅडखाली कुणाला दिसतंय. मला ती पूर्ण करता आली असती, पण आईसारखी बारीक टीप मला घालता येत नाही.

तू चार दिवस होतीस. तुझ्या संघाची अंतिम फेरी होती, तिकीट मिळत नव्हतं, हे मला कळतं. तू आलीस तेव्हा आईला नेऊन तीन दिवस झाले होते. त्याबद्दल मी तुला काही म्हटलं नाही आणि आताही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लिहिते. वरच्या मजल्यावरच्या बाई भेटायला आल्या, तुझ्याजवळ बसल्या, आईबद्दल दोन शब्द बोलल्या आणि मग पर्समधून वही काढली. भाच्यासाठी सही हवी होती. तू डोळे पुसून सही केलीस. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. त्या बाई मला अठरा वर्षं रोज जिन्यात भेटतात. मी विभागाच्या संघाकडून अकरा हंगाम यष्टिरक्षण केलं हे त्यांना माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही, हेही खरं.

विमानतळावर तू म्हणालीस ते लक्षात आहे. चिंगीला तुमच्या क्लबात घ्यायचं तर इथल्या प्रशिक्षकाने चिटणीसांना पत्र लिहायला हवं, ती कोणत्या दर्जाचं खेळते आणि तिथल्या चार संघांपैकी कोणत्या संघात बसेल ते. तिची प्रशिक्षक मीच, म्हणून ते मीच लिहायचं. मार्चअखेर पोचलं नाही तर या हंगामाची जागा जाईल. "माझ्या वेळी लिहिलं होतंस तसं लिही, ताई. खरंखरं." असं म्हणून तू आत गेलीस.

वेळ मिळाला की लिहीन. दवाखान्यात माझ्या एक्स-रे खोलीची रांग सध्या बाहेरच्या बाकांपर्यंत असते.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझे दोन निरोप आले. पत्र अजून लिहिलेलं नाही. टाळते आहे असं समजू नकोस. प्रश्नच अवघड आहे.

चिंगीने गेल्या हंगामात जिल्ह्याकडून एकतीस बळी घेतले. तुमच्या चिटणीसांना त्यातून काय कळणार? इथे दुसऱ्या दिवसापासून खेळपट्टी फुटते, डावखुऱ्या फिरकीला तिथे चेंडू नुसता टाकायचा असतो. तुमच्याकडे गवत, ओल, चेंडू घसरून पुढे येतो. इथल्या अकरा जागांसाठी तीनशे मुली येतात, पहाटे पाचला, दोन बस बदलून. तुमच्याकडे तूच सांगितलं होतंस की संघात एक दातांची डॉक्टर, दोन शिक्षिका आणि एक बेकरीवाली, आणि बेकरीवाली शनिवारी येऊ शकली नाही की दहा जणींनी खेळायचं. इथली तिसऱ्या फळीतली मुलगी तिथे कर्णधार होईल, असं आम्ही इथे म्हणतो. तिथे जाऊन बघितलेलं आमच्यापैकी कुणीच नाही.

आता खरं सांगायचं तर मी ही तुलना बरीच वर्षं करते आहे. तू तिकडच्या देशाकडून खेळायला लागलीस तेव्हापासून. मी तुझ्या प्रत्येक डावाला दोन तृतीयांशने गुणत असे. तुझी सरासरी एकेचाळीस, म्हणजे इथली सत्तावीस. जागतिक स्पर्धेत तू एकशे पाच केल्यास, तेव्हा सगळे टीव्हीसमोर उभे राहिले, आणि मी मनात म्हटलं, सत्तर. चांगल्या सत्तर. शतक नाही.

चिंगीच्या बाबांना हे माहीत आहे. ते म्हणतात, "तुम्ही दोघी बहिणी म्हणजे एकीचं घड्याळ पुढे, एकीचं मागे. माणसाने वेळ विचारायची कुणाला?"

चिंगी रोज विचारते. काल रात्री जेवताना म्हणाली, "आई, पत्र?"

"बघते."

"बघतात एक्स-रे. पत्र लिहितात."

"तोंड फार चालतं तुझं."

"तुझं चालत नाही म्हणून घरात कुणाचं तरी चालायला नको का?"

मला वाटतं ती अजून तयार नाही. सलग जास्त षटकं टाकली की तिची दिशा जाते. मार बसला की चिडते. एक वर्ष थांबू दे. आई गेल्यापासून घर तसंही रिकामं आहे. संध्याकाळी पुढच्या खोलीतला मशीनचा आवाज बंद झाल्यावर किती शांत होतं ते तुला चार दिवसांत कळलं नसेल, तेव्हा माणसं होती. पण त्याचा आणि या पत्राचा संबंध नाही. मी दर्जाबद्दलच बोलते आहे.

ताई

९ मार्च

धाकटे,

तू पाठवलेली मुलाखत वाचली. "चिंगीला दाखव, तिला धीर येईल," असं तू वर लिहिलं होतंस. तिने ती दोनदा मोठ्याने वाचली. मी भाजी चिरत होते.

तू सांगितलं आहेस की तुला त्यांनी थेट तिसऱ्या संघात टाकलं. कारखान्यामागचं मैदान, स्वतः मॅट अंथरायची, तिच्या कडा खिळ्यांनी ठोकायच्या, चेंडू कधी कानाजवळून जायचा तर कधी घोट्यावर यायचा. दोन हंगाम तिथे काढले. "त्या मैदानाने मला घडवलं. मला वरून सुरुवात मिळाली असती तर मी आज कुणीच नसते." हे तुझं वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत छापलं आहे.

धाकटे, तुला तिसऱ्या संघात मी टाकलं.

सतरा वर्षांपूर्वी चिटणीसांचं पत्र आपल्या क्लबच्या कर्णधाराच्या नावाने आलं. कर्णधार मी. त्यांनी सरळ विचारलं होतं, ही तुमच्या क्लबात कोणत्या क्रमांकावर खेळते, विभागाकडून किती सामने, आणि आमच्या संघांपैकी कुठे ठेवावी. सोबत त्यांच्या चारही संघांची माहिती होती, कोण कुठल्या मैदानावर खेळतं तेसुद्धा. म्हणजे तिसरा संघ म्हणजे कारखान्यामागची मॅट, हे मला माहीत होतं.

तेव्हा चिंगी दोन वर्षांची होती. मी बाळंतपणानंतर परत आले तेव्हा विभागाच्या संघात माझ्या जागी दुसरी यष्टिरक्षक आली होती आणि मी राखीव म्हणून डबे आणि पाण्याच्या बाटल्या वाहत होते. देशाच्या शिबिराचं बोलावणं मला तोपर्यंत तीनदा येऊन गेलं होतं, चौथ्यांदा येणार नव्हतं. तू विभागाकडून एकूण सहा सामने खेळली होतीस, त्यातले चार मी विभागाच्या कर्णधाराला गळ घातली म्हणून. आणि परदेशातला क्लब विचारत होता तुझ्याबद्दल, कारण तू लग्न करून तिथे गेली होतीस. एवढंच कारण.

मी लिहिलं, खेळाडू होतकरू आहे, इथे तिचा दर्जा दुय्यम, तिसऱ्या संघात ठेवल्यास योग्य होईल. सही केली. पाकीट आईजवळ दिलं आणि ती मशीनचं काम सोडून टपाल पेटीपर्यंत चालत गेली. तिला वाटलं, ताईने धाकटीसाठी चांगलं लिहिलं.

पुढे तू मोठी झालीस आणि त्या दोन हंगामांची गोष्ट सांगायला लागलीस. लोक टाळ्या वाजवतात. मी तुझं वाईट करायला गेले, तर तेही तुझ्याच कामी आलं. हे वाचताना मला लाज वाटली की राग आला, ते मी चिरत असलेल्या भाजीला विचार. तुकडे एकाएवढा एक नव्हते.

अजून एक आहे आणि ते जास्त जड आहे. तू देशाच्या संघात आलीस तेव्हा आईने मला विचारलं होतं, "तिकडे किती चांगलं खेळतात गं?" ती क्रिकेट बघायची, पण तिला पट्टी नव्हती, ती माझी पट्टी धरायची. मी म्हटलं, "रविवारचा खेळ आहे, आई. दिवसभर दुकान चालवायचं आणि सुट्टीला खेळायचं." ती बरं म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात मी तिला उशा लावून बसवत होते. टीव्हीवर तुमच्या संघाचा सामना होता आणि तू बाहेर प्रशिक्षकांच्या बाकावर बसलेली दिसलीस. आई म्हणाली, "केवढी जाड झाली आहे." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू रविवारचा खेळ म्हणालीस, म्हणून मी कुणाला फार सांगितलं नाही. उगाच हसं नको."

बारा वर्षं, धाकटे. कपडे शिवायला रोज दहा बायका यायच्या आणि ती कुणाला फार बोलली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही तू कोण ते कळलं ते वर्तमानपत्रातून.

आता तू ठरव, चिंगीचं पत्र माझ्याकडून घ्यायचं का.

ताई

२४ मार्च

धाकटे,

नऊ दिवस तुझ्याकडून काही आलं नाही. मी फोन उशाशी ठेवून झोपत होते. गेल्या आठवड्यात तू केलास तेव्हा मी कामावर होते, एका म्हाताऱ्या गृहस्थांना श्वास धरायला सांगितलं होतं आणि ते धरूनच राहिले. तुझं बोलणं मी नीट ऐकलं, उत्तर मात्र देता आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

तू शिव्या देशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, "ताई, मी तेव्हा खरंच तिसऱ्या संघाची होते का?" तू म्हणालीस, "इतकी वर्षं मी मुलींना सांगते की मी खालून वर आले. आता मला हेच कळत नाही की मी खाली होते की मला खाली ठेवलं होतं." आणि मग, "चिंगीचं पत्र तूच लिही. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ती विचारेल का, आणि मला तिला खोटं सांगता येणार नाही." आणि ठेवलास.

तेव्हापासून मी तीनदा कागद घेऊन बसले. पहिल्यांदा तिसरा संघ लिहिला. मग वाटलं, पोरगी घरात राहावी म्हणून लिहिते आहे. फाडला. दुसऱ्यांदा पहिला संघ लिहिला आणि वाटलं, हे पाप धुवायला लिहिते आहे, तिथे पहिल्याच दिवशी मार खाईल. तोही फाडला. तिसऱ्यांदा काहीच सुचलं नाही. मला ती किती चांगली आहे हे खरोखर कळत नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात दुसऱ्याच्या धावा कमी करत राहिल्यावर डोळा सरळ राहत नाही. अकरा हंगाम माझ्या डोळ्यावर संघ विसंबून असायचा. गोलंदाज फेकत नाही ना, फलंदाज पायाने कुठे सरकते आहे, सगळं मी सांगायची.

शेवटी रविवारी सकाळी दवाखान्यामागच्या शाळेच्या मैदानावर गेलो. मी, चिंगी आणि तिचे बाबा. ग्लोव्हज चिंगीच्या मैत्रिणीचे. नऊ वर्षांनी हातात घातले. मी प्रशिक्षक म्हणून तिच्याकडे नेहमी बाजूने किंवा तिच्या मागून बघते. यष्ट्यांमागे बसून तिला कधी बघितलंच नव्हतं.

"आई, हेल्मेट घाल."

"तुझ्या चेंडूला?"

"माझ्या चेंडूला नाही गं, तुझ्या डोळ्यांना."

यष्टिरक्षकासमोर फलंदाज नसला तर चेंडू कुणालाही पकडता येतो. म्हणून बाबांच्या हातात बॅट देऊन त्यांना उभं केलं. त्यांना खेळता येत नाही. मी सांगितलं, तुम्ही काही करू नका, नुसतं मधे या आणि चेंडू सोडून द्या. ते म्हणाले, "लग्न झाल्यापासून तेच करतोय."

तुला सांगायला नको, पण सांगते. फिरकी गोलंदाजाचा हात चेंडू सुटण्याआधी बोलतो. मनगट थोडं आधी वळतं, बोट वर येतं, खांदा जरा खाली जातो. मी सगळ्या जणींचं हातावरून ओळखायची, चेंडूचा टप्पा पडायच्या आधी माझे ग्लोव्हज तिथे असायचे. त्यालाच लोक माझी चपळाई म्हणायचे.

चिंगीने चोवीस चेंडू टाकले. मी तिच्या हाताकडे बघत होते आणि हात काही सांगत नव्हता. बाहेर जाणारा आणि सरळ आत येणारा, दोन्हींचा हात एकच. चार चेंडू माझ्या ग्लोव्हजला न लागता मागे गेले. दोनदा ग्लोव्हज डावीकडे आणि चेंडू उजव्या खांद्यावर. एक अंगठ्यावर बसला. मी म्हातारी झाले म्हणून असेल, असं मनात आलं. म्हणून मी तिला म्हटलं, आता तुझ्या मैत्रिणीसारखी टाक, सरळ साधी. तिने नक्कल करून सहा टाकले. सहाही मी डोळे मिटून घ्यावेत तसे घेतले. म्हणजे डोळे ठीक होते.

बाबा बॅटवर रेलून म्हणाले, "झालं समाधान?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण तो मागून आला. आधी पोटात दुखलं. माझ्या घरात, माझ्या हाताखाली, माझ्यापेक्षा मोठी खेळाडू तयार झाली आणि मी तिची दिशा जाते म्हणून तुला लिहीत होते. जाते, षटकं वाढली की जाते. पण ती एकोणीस वर्षांच्या कुणाची जात नाही?

दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या सहकाऱ्याने माझाच अंगठा एक्स-रे मशीनखाली ठेवला. मोडलेला नाही. सुजेमुळे पेन धरवत नाही, म्हणून अक्षर असं आहे.

ताई

२८ मार्च

धाकटे,

सोबत चिटणीसांच्या नावाचं पत्र आहे, मार्चअखेरच्या आत पोचावं म्हणून कुरियरने. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच आणि मग दे. त्यात एवढंच आहे:

"ही माझी मुलगी आहे, हे आधी सांगते. डावखुरी फिरकी टाकते. जिल्ह्याकडून दोन हंगाम, मागील हंगामात एकतीस बळी. इथल्या खेळपट्ट्या फिरकीला मदत करतात, त्यामुळे हा आकडा तुमच्याकडे कमी होईल. तिचा सरळ येणारा चेंडू मी स्वतः यष्ट्यांमागे उभी राहून ओळखू शकले नाही आणि मी अकरा हंगाम विभागाची यष्टिरक्षक होते. तिला पहिल्या संघात ठेवावं. मार बसला की चिडते, त्या वेळी तिला दोन षटकं सीमारेषेवर पाठवावं. सतरा वर्षांपूर्वी मी तुमच्या क्लबाला एक पत्र लिहिलं होतं. त्यातला निर्णय चुकीचा होता."

चिंगीला सगळं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वीचंसुद्धा. ती म्हणाली, "मावशी बोलते का तुझ्याशी?" मी म्हटलं, एकदा बोलली. मग तिने पत्र मागून घेतलं, वाचलं आणि माझ्या मसुद्यातला "मेहनती" हा शब्द खोडायला लावला. "मेहनती सगळ्यांचंच लिहितात. बाकी काही नसलं की लिहितात." सीमारेषेचं वाक्य तिला आवडलं नाही, पण ते मी राहू दिलं.

ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच. तिचे बाबा आत्तापासूनच तिच्या खोलीचं दार उघडं की बंद ठेवायचं यावर विचार करत आहेत. मला त्याबद्दल बोलायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या क्लबात तू सहा वर्षं नेटमध्ये फलंदाजी केलीस आणि तुझ्या पाठीमागे हातभर अंतरावर मी बसलेली असायची. तुझा खेळ माझ्याइतका जवळून तुझ्या नवऱ्यानेही बघितलेला नाही, तिकडच्या कुठल्या प्रशिक्षकानेही नाही. तू तेव्हा पहिल्या संघाची नव्हतीस. उसळत्या चेंडूवर तुझी मान वळायची. तिसऱ्याचीही नव्हतीस. तू दुसऱ्या संघाची होतीस, त्यातली वरची. ते पत्र लिहितानाही मला हे माहीत होतं. म्हणजे एक पायरी तुला मी खाली ढकललं. बाकीच्या पायऱ्या तू चढलीस, त्या मी सतरा वर्षं मोजायला तयार नव्हते. तुझी गोष्ट तू बदलू नकोस. फक्त एक पायरीचा फरक मनात ठेव.

तुझी ती शतकी खेळी काल पुन्हा बघितली. चिंगीने लावून दिली. एकशे पाच. त्यातल्या निम्म्या धावा ज्या गोलंदाजाविरुद्ध आहेत ती इथल्याही पहिल्या संघात असती. मी कशानेही गुणलं नाही. बाजूला आईची खुर्ची रिकामी होती, नाहीतर मी तिला सांगितलं असतं की रविवारचा खेळ नाही हा, सांग सगळ्यांना.

माझ्याबद्दल तू विचारलं नाहीस, आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. मी इथल्या पहिल्या संघात अकरा हंगाम होते. तिथे असते तर कोणत्या संघात असते, हे मला माहीत नाही. अंदाज करायला बसते तेव्हा एक दिवस पहिला येतो, एक दिवस तिसरा. माझ्याबद्दल कुणी कुणाला असं पत्र लिहावं, अशी वेळच आली नाही.

चिंगीचं विमान अकरा एप्रिलला आहे. तिच्या बॅगेत ग्लोव्हज नसतील, ती गोलंदाज आहे. यष्ट्यांमागे चांगली मुलगी दे.

तुझी ताई